खळ्यावरचा काळा चष्मा

जवळ ये बघू, सुमे. दाराला टेकून, एक डोळा रस्त्यावर ठेवून ऐकतीस ते मला चालणार नाही. आणि हे वाचत असशील तर उजेडाकडे तोंड करून बस, कानाकोपऱ्यात लोळत वाचू नकोस. आधी तो चष्मा डोक्यावरून खाली काढ. जत्रेला आलीस, दोन दिवस राहिलीस, आणि दोन्ही दिवस तो काळा चष्मा केसांत खोवून फिरलीस. उन्हानं डोळे बारीक करत होतीस, कपाळाला आठ्या पडत होत्या, पण चष्मा आपला डोक्यावर. मी म्हटलं, "अगं, डोळ्यांवर घाल की जरा." तर म्हणालीस, "धाकली आज्जी, ती ष्टाईल असती."

बरं, असू दे तुझी स्टाइल. पण निघताना तू तो चष्मा अक्काच्या तोंडावर चढवायला गेलीस, फोटो काढायचा म्हणून. अक्कानं तुझा हात असा झटकला की तुझी बांगडी वाढली. तू हसलीस. "आज्जी लाजली," म्हणालीस. मी चुलीपाशी बसून सगळं बघत होते, आणि मला इतका राग आला की हातातली पळी मी भांड्यात टाकून दिली. तुझा राग नव्हे. तुला कुणी सांगितलंच नाही, तर तुला कसं कळणार. पण सांगायचं कुणी? सांगण्यासारखी या घरात मी एकटीच उरले, म्हणून वही घेऊन बसले. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. अक्षरं मी चुलीपुढच्या राखेत शिकले. कुठं चुकलं तर चुकलेलं वाच.

अक्का तुझी सख्खी आजी. माझी ती मोठी बहीण, आणि थोरली जाऊही, कारण दोघी बहिणी दोन भावांना दिलेल्या. बहात्तर वर्षांची झाली. तिचा उजवा डोळा तुझा बाप पोटात असताना गेला, ते तुला माहीत आहे. आता डाव्यात मोतीबिंदू उतरला आहे. जोयड्याला डोळ्यांचं शिबिर झालं, तिथला डॉक्टर म्हणाला, शिमगा झाला की ऑपरेशन करू, स्वच्छ दिसेल. ही नाही म्हणून बसली आहे. ठाम नाही. दोनातला एक पन्नास वर्षांमागं गेला, आता राहिलेला एक ती आपल्या हातानं घालवणार, आणि कशापायी तर एका काळ्या चष्म्यापायी. मग मला राग येऊ नये तर काय व्हावं?

माघ आला की मला दरवर्षीच राग येतो. लोक म्हणतात, माघासारखा महिना नाही. सावरी लाल फुलते, आंब्याला मोहर येतो, उळवीच्या वाटेनं धारवाडकडच्या बैलगाड्यांच्या घंटा रात्रंदिवस वाजतात. मला त्या घंटा ऐकल्या की नाकात धूळ गेल्यासारखं होतं. शेणानं सारवलेल्या खळ्याचा वास, मुसकी बांधलेल्या बैलांचा घाम, पेंढ्याचा तो गोड कोरडा वास, सगळं मला आवडायचं एके काळी. आता रामनगरकडून मशीन येतं, अर्ध्या दिवसात मळून जातं, पोरं बाजूला उभी राहून गाणी ऐकतात. पण मशीनमधून उडणारं कुसळ काही नवीन नाही. तेच ते. डोळ्यात जायचं असलं की जातं.

तसंच ते अक्काच्या डोळ्यात गेलं. मी त्या वर्षी नवी सून. पंधरा वर्षांची, हातातला हिरवा चुडा अजून वाजत होता. सुपा गाव तेव्हा धरणाच्या पाण्याखाली गेलं नव्हतं, आमच्या या दिग्गीला मोटार कशी असते ते कुणी पाहिलं नव्हतं. कापणी चालली होती. अक्का भाताचा भारा डोक्यावर घ्यायला वाकली आणि एक लोंबी तिच्या उजव्या डोळ्यावरून ओढली गेली. कुणी बाळंतिणीचं दूध घातलं, कुणी कसला पाला चुरून बांधला. आठ दिवसांत डोळा लालभडक. शेवटी आमचा आप्पा आला, लेकीला बघितलं, आणि कुणाला न विचारता गाडी जुंपली. दोन दिवस बैलगाडी, मग लोंढ्याहून आगगाडी, बेळगावला डोळ्यांचा डॉक्टर. परत आली तेव्हा डोळा पुष्कळ निवळला होता. मलमाची एक डबी होती, आणि एका पत्र्याच्या पेटीत काळ्या काचांचा चष्मा.

"तीन म्हयनं," अक्का मला म्हणाली. "उन्हात, धुरात, धुळीत काढायचा न्हाई म्हनलाय. डोळ्याला जखम हाय आत. वरनं पुन्हा काय लागलं तर मग देवाला बी जमायचं न्हाई म्हनला."

मी तो घालून बघितला. सगळं रान एकदम संध्याकाळ झाल्यासारखं झालं. अक्का हसली. त्यानंतर तिला हसताना मी फार वेळा बघितलं नाही, म्हणून ते हसणं माझ्या ध्यानात आहे.

आमच्याकडं तेव्हा चष्मा असा कुणाला नव्हताच. तलाठ्याला एक होता, दोऱ्यानं कानाला बांधलेला. काळा चष्मा तर कुणी ऐकलाही नव्हता. पहिल्या दिवशी गावानं अक्काकडं बघितलं, दोन प्रश्न विचारले, "दुखतंय काय गं अजून" म्हणाले आणि सोडून दिलं. ती आजारी बाई होती, तो तिचा चष्मा होता, विषय संपला. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, सुमे. पंधरा-वीस दिवस त्या चष्म्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मग उळवीची जत्रा आली, आणि जत्रेत शिणमा आला.

ताडपत्रीचा तंबू, आत खाली गवत पसरलेलं, पुढं बायका-पोरं, मागं गडी माणसं. दिवेलागणीला खेळ सुरू झाला. बाहेर इंजिन धडधडत होतं आणि आत पडद्यावर माणसं तोंड हलवत होती, पण आवाज काही नाही; बोलपट आमच्या रानात तोवर पोचलाच नव्हता. पडद्याच्या एका बाजूला एक जण पेटी वाजवायचा, दुसऱ्या बाजूला एक जण हातात काठी घेऊन काय चाललंय ते आधी कानडीत आणि मग मराठीत सांगायचा. मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. तोंड उघडं टाकून बघत होते.

एक मोटार आली. मोटारीतून एक तरुण सायबी कपड्यांत उतरला. डोळ्यांवर काळा चष्मा. तो काही करत नव्हता, नुसता उभा होता. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग एका हातानं चष्मा हळूच काढला. काठीवाला ओरडला, "नोड्री, राजकुमार बंदा. बघा, राजकुमार आला." आणि मागून सगळ्या गडी माणसांनी शिट्ट्या मारल्या. मग एक बाई आली. ती शहरातली, ओठात सिगारेट, तिच्याही डोळ्यांवर काळा चष्मा. तिनं तो काढला नाही. चष्म्यातूनच ती त्या तरुणाकडं बघत राहिली. काठीवाला म्हणाला, "हिच्या नजरंला बळी पडू नका, ही घरं बुडवनारी हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगा, ही तर दिग्गीची. पडद्यावरनं उतरून हितं फुडं येऊन बसलीया."

अक्का माझ्या शेजारीच बसली होती. तंबूत धूर होता, गवताची धूळ होती, म्हणून तिनं चष्मा काढला नव्हता. सगळा तंबू हसला. पडद्यावरच्या उजेडात मला त्यांची तोंडं वळलेली दिसली. बायकाही हसल्या. तिच्या काचांत पडदा उलटा हलत होता, एवढंच मला दिसलं. आतले डोळे काय करत होते ते दिसलं नाही.

आणि आमचे हे, म्हणजे माझा नवरा, मागच्या गर्दीत उभे होते. ते लोंढ्याला लाकडाच्या डेपोत कारकून होते, जत्रेपुरते घरी आलेले. त्यांचं हसण्याकडं लक्षच नव्हतं. ते त्या तरुणाकडं बघत होते. परत येताना गाडीत त्यांनी दोनदा हात नाकापाशी नेला आणि हळूच खाली आणला, चष्मा काढल्यासारखा. मला ते फार गोड वाटलं. पंधरा वर्षांची अक्कल ती. आज आठवलं तर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढं मी पुष्कळ शिणमे बघितले. बेळगावला तुझ्या बापाकडं राहायला गेले तेव्हा आठवड्याला एक. बघता बघता मला त्या काळ्या चष्म्याची सगळी रीतभात पाठ झाली. हिरो मोटारीतून उतरतो तेव्हा आधी बूट दिसतो, मग दार बंद झाल्याचा आवाज, मग चष्मा. चष्मा काढला की टाळ्या. काय केलं त्यानं? चष्मा काढला. मी रोज चुलीवरचं तापलेलं भांडं नुसत्या पदरानं उतरवते, मला कुणी शिट्टी मारत नाही. चोराला चष्मा घातला की त्याला सख्खी आई ओळखत नाही. पोलिसाला घातला की तो कुणाला भीत नाही. श्रीमंताच्या घरी कुणी मेलं की सगळे पांढरे कपडे आणि काळा चष्मा घालून उभे, कारण त्यांचं रडणं बघण्याइतकी आपली लायकी नाही. आमच्याकडं रडतात तेव्हा नाकाडोळ्यांतून सगळं चारचौघांत येतं.

बायकांचं तर वेगळंच. हिरोईन लग्नाआधी डोंगरावर फिरायला जाते तेव्हा चष्मा घालते. मंगळसूत्र पडलं की चष्मा गेला, परत कधी दिसायचा नाही. क्लबात नाचणारी घालते, तिला मंगळसूत्र मिळतच नाही. मी वाट बघायची, कुठल्या तरी शिणम्यात एखादी आई काळा चष्मा घालील म्हणून. नाही. आईचे डोळे शिवणकाम करून जातात, ती भिंतीला धरून चालते, आणि शेवटी देवळात घंटा वाजली की तिला दिसायला लागतं. तीन महिने चष्मा घाला, धुळीत जाऊ नका, असं सांगणारा डॉक्टर आणि ते ऐकणारं घर मी पडद्यावर काही बघितलं नाही. खऱ्याखुऱ्या घरातही बघितलं नाही म्हणा.

कारण आमच्या घरात काय झालं ते सांगते.

जत्रेहून आलो आणि तिसऱ्या दिवशी खळ्यावर मेढ रोवली. मेढ म्हणजे मधला खांब, ज्याच्याभोवती बैल फिरतात. मेढ रोवली की रास घरात येईपर्यंत खळं हे देऊळच. चप्पल नाही, छत्री नाही, शीळ घालायची नाही. आणि आमच्या घरची आणखी एक रीत. धान्याची रास तयार झाली की थोरल्या सुनेनं दिवा लावून तिच्यासमोर उभं राहायचं आणि राशीकडं डोळे भरून बघायचं. मग माप. सुनेच्या आणि राशीच्या नजरेत आडपडदा नको, लक्ष्मी माघारी फिरते, असं आत्ती म्हणायच्या. आत्ती म्हणजे आमच्या सासूबाई. बाई खेड्यातल्या, पण दरारा मामलेदाराचा.

सावडीला शेजारपाजारचे आले होते. आज आमच्याकडं ते, उद्या त्यांच्याकडं आम्ही. अक्का चष्मा घालून खळ्यावर आली आणि सुरू झालं.

"काय वैनी, खेळ किती वाजता हाय?"

"मोटार कुठं लावली?"

अक्का त्या वेळी ऐकून घेणारी नव्हती. "मोटार बैलांच्या मागं लावलीया. तू शेण काढायला ये, दावतो," म्हणाली. तिथं सगळे हसले, आणि मला वाटलं, जिंकली हिनं. पण आत्ती हसल्या नाहीत. त्या खळ्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"चष्मा काढ."

"आत्ती, डाक्टरनं सांगितलंय. दोन म्हयनं ऱ्हायल्यात अजून."

"मेढ रोवलीया. खळ्यावर साधी छत्री उघडत न्हाई आमी, आनि तू तोंडावर काळं चढवून राशीफुडं उभी ऱ्हानार?"

"राशीच्या येळला काढतो की. वारं देताना तेवढा असू दे. तवाच उडतंय सगळं."

"डाक्टर येनार हाय व्हय वारं द्यायला?"

वारं देणं म्हणजे उंच तिवईवर उभं राहून सुपातून भात खाली सोडायचं, वाऱ्यानं फोल उडून जातं, दाणा खाली पडतो. फोल कुठं उडतं? देणारीच्या तोंडावर. थोरल्या सुनेचं काम ते. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं. मला सांगता आलं असतं. पण गोष्ट वाऱ्याची नव्हतीच, राशीचीही नव्हती. आत्ती जवळ आल्या आणि खालच्या आवाजात जे बोलल्या ते मी मागं सुपं घेऊन उभी होते म्हणून ऐकलं.

"तुझं डोळं कुठं फिरत्यात ते दिसत न्हाई कुनाला. गडी मानसं हायत खळ्यावर. लोक काय काय बोलाय लागल्यात."

बघ सुमे, खरं दुखणं हे. सून खाली मान घालून चालते की नाही ते दुरून कळतं. पण काळ्या काचेमागून ती कुणाकडं बघते ते कळत नाही. हिरोचा रुबाब त्यातच तर असतो. तो तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला बघू शकत नाही. तेच बाईनं केलं की ती घर बुडवणारी. हे मला त्या दिवशी कळलं नाही. कळायला मला निम्मा जन्म गेला आणि पन्नासेक शिणमे लागले.

अक्कानं दाजींकडं बघितलं. दाजी म्हणजे तिचा नवरा, तुझा आजोबा. ते दोन हातांवर होते. त्यांनी बैलाच्या मुसकीची गाठ सोडली आणि तीच गाठ परत बांधली. मग परत सोडली. भले गृहस्थ होते असं सगळे म्हणतात. भल्या माणसांचा मला जितका राग येतो तितका वाईट माणसांचा येत नाही. वाईट माणूस निदान काहीतरी बोलतो.

तिनं चष्मा काढला. काचा पदरानं पुसल्या, घरात गेली, पत्र्याच्या पेटीत घालून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला, आणि येऊन तिवईवर चढली.

आता पुढचं लिहायचं म्हणून मी चार दिवस वही उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खळ्यावर. आमचे हे दोन दिवसांत लोंढ्याला परत जाणार होते. आरशापुढं उभे राहून भांग पाडत होते, आणि परत तो हात नाकापाशी, हळूच खाली. मला म्हणाले काहीच नाहीत. मागितला नाही त्यांनी. मीच स्वयंपाकघरात गेले, फळीवरची पेटी उघडली, चष्मा काढला आणि आणून त्यांच्या हातात दिला.

"अक्कानं ठेवलाच हाय काढून," मी म्हटलं. "घाला की. बघू कसं दिसताय."

बघितलं. दिसत होते. खोटं कशाला सांगू, त्या पडद्यावरच्या माणसापेक्षा चांगले दिसत होते. मला वाटलं, सगळ्या दिग्गीत माझाच नवरा असा.

मग ते तो घालून खळ्यावर गेले. गाडीच्या चाकाला टेकून, एक पाय दुसऱ्यावर टाकून उभे राहिले. सावडीवाले काम थांबवून बघायला लागले. "सायेब आलं रं," कुणीतरी म्हणालं, आणि त्यात चेष्टा नव्हती. आत्ती घरातून बाहेर आल्या. लेकाला बघितलं, तोंडभर हसल्या, परत आत गेल्या आणि बोटाला काजळी लावून आल्या. "दृष्ट लागंल माज्या लेकराला," म्हणाल्या आणि त्या काळ्या चष्म्याखाली गालावर एक काळा ठिपका लावला. खळ्यावर. मेढ रोवलेली होती, रास पडत होती, पायांत कुणाच्या चप्पल नव्हती.

अक्का तिवईवर होती. सूप हातात, वारा चांगला सुटलेला. तिनं ते सगळं वरून बघितलं. सुपातली धार क्षणभर थांबली, मग परत सुरू झाली. डोळे बारीक करून, मान वाऱ्याकडून वळवून ती भात सोडत राहिली. एकदा खांद्यानं डोळा पुसला. फोल तिच्या केसांत, पापण्यांत बसलेलं मला खालून दिसत होतं. मी खाली पडलेलं भात झाडूनं गोळा करत होते. वर बघायचं मी बंद केलं.

तीन दिवस वारं दिलं तिनं. चौथ्या दिवशी उजवा डोळा उघडेना. पण दिवा लावून राशीसमोर उभी राहिली, एका डोळ्यानं बघितलं राशीकडं, आत्तींचं समाधान झालं. तोवर आमचे हे लोंढ्याला निघून गेले होते, आणि चष्मा त्यांच्या नाकावर गेला होता. खळं उठलं, आता तरी घालावा म्हणून ती फळीकडं गेली असेल तर तिला रिकामी पेटी मिळाली असेल. बेळगावला परत न्यायचं कुणी काढलं नाही. आप्पा तापानं अंथरुणावर होता. दाजी म्हणाले, शिमगा होऊ दे. शिमगा झाला. तोवर बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं, कवडीसारखं, आणि आता नेऊन काय करायचं म्हणून कुणी नेलं नाही.

दोन महिने राहिले होते, सुमे. दोन महिने एक काच डोळ्यापुढं धरायची होती.

आमच्या ह्यांनी बेळगावला तो चष्मा घालून फोटो काढून घेतला. बघितलाय तू. माजघरात हार घातलेला आहे तो. पाहुणे येतात, म्हणतात, "काय रुबाब होता धाकल्या मालकांचा." ते गेले त्याला अठरा वर्षं झाली, मेलेल्या माणसावर राग धरू नये असं मला चौघांनी सांगून झालं. मी धरते. अक्का रोज सकाळी त्या फोटोखाली केर काढते आणि मी चुलीपाशी बसून तिची पाठ बघते. पण रागाचं खरं सांगू का? चष्मा त्यांनी आपण होऊन उचलला, असं मी घरात सांगितलं होतं. आत्तींना, दाजींना, सगळ्यांना. आमच्या ह्यांच्या कानावर ते गेलं, आणि त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. मरेपर्यंत नाही. उभ्या आयुष्यात त्या माणसानं माझ्यासाठी केलेली एवढी एकच मोठी गोष्ट, आणि तीच अशी. त्याचाही मला रागच येतो.

जोयड्याला शिबिरात मीच नेलं तिला. डॉक्टर भला पोरगा, तुझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. सगळं नीट समजावून सांगितलं. अक्कानं एकच विचारलं, "नंतर चष्मा घालाय लागतो काय?"

"हो आजी, काळा. महिना-दीड महिना. धूळ लागू द्यायची नाही."

ती उठली, पदर सारखा केला आणि बाहेर येऊन बसच्या फलकाखाली उभी राहिली. मी मागून समजावत होते, तिनं ऐकलं नाही. घरी आल्यावर मी भांडले तिच्याशी. तू गेल्यानंतरच्या शुक्रवारी तर कडाक्याचं भांडले. ती तांदूळ निवडत बसली होती, डोळ्यांनी नाही, बोटांनीच, खडा लागला की बाजूला टाकत होती. मी म्हटलं, "आता कोण हाय गं तुला हसनारं? आत्ती गेल्या, दाजी गेलं, सावडीवालं सगळं गेलं. कुनासाठी आंधळी होतीस?"

तिनं सुपातले तांदूळ पुढं ओढले.

मग माझा तोल गेला. पन्नास वर्षं गिळलेलं मी ओकून टाकलं. "मी दिला हुता. त्यांनी मागितला नव्हता. मी फळीवरनं काढून त्यांच्या हातात दिला हुता."

तिची बोटं सुपात तशीच फिरत राहिली. एक खडा मिळाला, तो तिनं टाकला.

"म्हाईत हाय," म्हणाली. "पेटीचं झाकण उलटं लावलं हुतंस. तू लहानपनापासनं कुठलं झाकण सरळ लावलंस?"

"मग बोलली का न्हाईस?"

"पंधरा वर्साची हुतीस. तुला घरातनं घालवली असती आत्तीनं."

 मी म्हटलं, "मग आता माज्यासाठी तरी जा."

"तुज्यासाठी एक डोळा दिला की," ती म्हणाली. ती रागावून बोलली असती तर मी सोसलं असतं. पीठ संपलं आहे, असं सांगावं तशी म्हणाली, आणि परत तांदळात बोटं घातली.

म्हणून तुला लिहिते आहे. माझं तोंड राहिलं नाही तिला सांगायला. तुझा बाप सांगेल तर तिला तो दाजींसारखा वाटेल, गाठ सोडणारा आणि बांधणारा. तू सांग. तू नात, तुझ्याशी तिचा कसला जुना हिशेब नाही. तुझ्या हातातली बांगडी वाढली तेव्हा तू हसलीस, पण तिनं नंतर काचा वेचताना मला विचारलं, "पोरीला लागलं न्हाई न्हवं?" तिच्यापाशी बस, दोन दिवस राहा, चष्मा घालून परसात तिच्याबरोबर चाल, ती ओरडेल, ओरडू दे. कुणी हसलं तर त्याच्यासाठी मी आहे. या वेळी मी वर बघणार आहे.

शिमग्याआधी ये. सुट्टी मिळत नाही, असलं काही सांगू नकोस, जत्रेला बरी मिळाली होती. आणि एक कर, संध्याकाळच्या बसनं येऊ नकोस. दिवे लागले की तिला माणूस आणि खांब सारखाच दिसतो. सकाळच्या बसनं ये, अंगणात चांगलं ऊन असतं तेव्हा. उन्हात तिला अजून चेहरा दिसतो.